ऑनलाइन अभ्यासक्रमाची रचना : शिकणे आणि संवाद

मार्च २०२० मध्ये वसतिगृहाच्या खोल्यांना कुलपे लागली आणि मुले आपापल्या पेट्या घेऊन गावी गेली. काही आठवड्यांतच आम्ही शिक्षक मोबाइलसमोर बसून शिकवू लागलो. फळ्यावर जे लिहीत होतो तेच कागदावर लिहून दाखवले. तासाला जे बोलत होतो तेच बोललो. सुरुवातीची बरी हजेरी पुढे ओसरत गेली. चौकशी केली तेव्हा कारणे कळली. घरात एकच फोन, तोही वडिलांबरोबर कामावर जातो. डेटा पुरत नाही. डोंगराआडच्या वस्तीत रेंज येत नाही. एका विद्यार्थिनीचे उत्तर मात्र आम्हांला अंतर्मुख करून गेले : "सर, समजत नव्हतं. पण सगळ्यांसमोर विचारायचं कसं?"

त्या उत्तराने आमची चूक आमच्या पदरात घातली. निवासी शाळेत शिकण्याचा मोठा भाग तासाबाहेर घडतो. न समजलेले गणित रात्रीच्या अभ्यासिकेत शेजारच्या मित्राकडून समजून घेतले जाते. शिक्षकांना विचारण्याचे धाडस जेवणाच्या रांगेत होते. आम्ही तास तेवढा पडद्यावर नेला. अभ्यासिका आणि जेवणाची रांग मागेच राहिली. ज्यांच्या घरी शिकलेले कोणी नाही, त्यांचे नुकसान त्यामुळे सर्वाधिक झाले.

आज अनेक माजी विद्यार्थी "आम्ही दूर आहोत, पण शाळेतील मुलांसाठी ऑनलाइन वर्ग घेऊ इच्छितो," असे कळवतात. त्यांच्या या सदिच्छेला योग्य दिशा मिळावी, म्हणून अशा अभ्यासक्रमाची रचना कशी असावी, हे येथे मांडत आहोत.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांच्या मते, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील खरे अंतर मैलांनी मोजायचे नसते. ते समजुतीचे आणि संवादाचे अंतर असते. १९८९ मध्ये त्यांनी शिकणाऱ्याच्या संवादाचे तीन प्रकार सांगितले : पाठ्यसामग्रीशी, शिक्षकाशी आणि सहाध्यायांशी. आमच्या पहिल्या प्रयत्नात पहिला प्रकार कसाबसा होता, दुसरा एकतर्फी होता आणि तिसरा नव्हताच. भारत सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'स्वयम्' या मंचावरील अभ्यासक्रमांचेही चार भाग असतात : व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. यांतील चर्चा हा भाग शोभेचा समजला, तर अभ्यासक्रम लंगडा राहतो.

रचनेचा आरंभ शेवटापासून करावा. "या आठवड्यात काय शिकवायचे?" असे न विचारता "आठवड्याअखेर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे?" असे विचारावे. इयत्ता दहावीची वर्गसमीकरणे घेऊ. 'अवयव पाडून वर्गसमीकरण सोडवता येणे' हे उद्दिष्ट ठरले, की बाकीचे आपोआप ठरते. ज्यांची बेरीज ७ आणि गुणाकार १२ येतो अशा दोन संख्या मुलाला शोधता येतात का, हे आधी पाहावे. ३ आणि ४ हे उत्तर ज्याला सापडत नाही, त्याला पुढचा व्हिडिओ दाखवून उपयोग नाही. त्याला एक पायरी मागे नेले पाहिजे.

व्हिडिओ लहान असावा. 'एडएक्स' या मंचावरील चार अभ्यासक्रमांतील सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी साधारणपणे सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत, असे त्यात आढळले. म्हणून एका व्हिडिओत एकच कल्पना असावी. तो कमी डेटात उतरवून घेता यावा आणि फोन रात्री घरी आल्यावरही पाहता यावा. ठरावीक वेळेच्या थेट वर्गावर सर्व भिस्त ठेवली, तर एक फोन असलेल्या घरातील मूल प्रथम गळते.

प्रत्येक व्हिडिओनंतर पुस्तक मिटून सोडवायचे दोन-तीन प्रश्न असावेत. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवते. पण आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिण्याचा सराव केलेलेच पुढे असतात. अशा प्रश्नांना गुण देऊ नयेत. चुकण्याची भीती वाटली की मूल उत्तर शोधत नाही, उतरवून काढते.

आता संवादाविषयी. चाळीस मुलांच्या वर्गात "कुणाला शंका?" असे विचारले की शांतता पसरते. पाच-सहा मुलांच्या गटात तीच मुले बोलू लागतात. प्रत्येक गटाला ठोस काम द्यावे : एकाने गणित सोडवावे, दुसऱ्याने त्यातील पायरी आपल्या शब्दांत समजावावी, तिसऱ्याने चूक शोधावी. ज्यांना लिहिणे जड जाते त्यांनी आवाजी संदेश पाठवावा, आणि तो घरच्या बोलीत असला तरी चालेल. शंका शिक्षकांना एकट्यालाही पाठवता यावी. उत्तर दोन दिवसांच्या आत मिळावे, आणि त्यात नुसते "छान" किंवा "चूक" नसावे. कोणत्या पायरीवर वाट चुकली, ते सांगावे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ पासून टपालाने शिकवताना स्वाध्यायांवर लेखी अभिप्राय देण्याची पद्धत पाळली. साधने बदलली, तरी शिकणाऱ्याची ही गरज बदललेली नाही.

माजी विद्यार्थ्यांना म्हणूनच आमची विनंती आहे, की तासभर व्याख्यान देण्याऐवजी एका लहान गटाचे दादा किंवा ताई व्हावे. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्धा-अर्धा तास द्यावा, आणि दोन दिवस गप्प असलेल्या मुलाला स्वतःहून फोन करावा. पालकांनी रोज अर्धा तास फोन आणि घरातील एक शांत कोपरा मुलाला, आणि विशेषतः मुलीला, राखून द्यावा. मुलाचा अभ्यास आपल्याला समजत नसला तरी "आज काय शिकलास? मला सांग," एवढे विचारावे, सांगता सांगता त्याचा अभ्यास पक्का होतो.

वसतिगृह आता पुन्हा भरले आहे. परंतु दहावीनंतर येथून बाहेर पडणारे प्रत्येक मूल पुन्हा एकटेच अभ्यासाला बसते. त्याची शंका ऐकणारे कोणीतरी पलीकडे असावे, यासाठीच हा सारा खटाटोप.