क्षयाच्या जंतूची घुसखोरी, थेट केंद्रकात
डीएनएमधल्या ‘सी’ या अक्षराला मिथाइल गट चिकटला, की तिथलं जनुक सहसा गप्प बसतं. अक्षरांचा क्रम मात्र तोच राहतो. माणसात ही खूण बहुतेक वेळा ‘सी’पुढे ‘जी’ असेल तिथेच आढळते. क्षयाचा जंतू या व्यवस्थेत हात घालतो, हे हैदराबादच्या ‘सीडीएफडी’ या संशोधन संस्थेतील डॉ. संजीव खोसला यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं. जंतूचं आरव्ही२९६६सी हे प्रथिन माणसाच्या पेशीच्या केंद्रकात पोचून डीएनएवर मिथाइल लावतं, तेही मुख्यतः ‘सी-जी’ जोडी नसलेल्या जागी. आरव्ही१९८८ हे दुसरं प्रथिन डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनवर मिथाइल लावतं. हे प्रथिन काढून टाकलेला जंतू शरीरात तितकासा तग धरत नाही. म्हणूनच नव्या औषधांसाठी अशी प्रथिनं महत्त्वाची ठरतात.