इंग्रजी, वापरातलं – ९ : तक्रार कशाची, कोणाकडे, कोणाविरुद्ध

गेल्या आठवड्यात ‘इन’, ‘ऑन’ आणि ‘ॲट’ दिवस-महिन्यांशी कसे वागतात ते पाहिलं. आज याच छोट्या शब्दांचं क्रियापदांशी आणि विशेषणांशी असलेलं नातं पाहू. उदाहरणं पाठ्यपुस्तकातली नाहीत; माहुलमधल्या माणसाला ज्या कागदांशी झगडावं लागतं, तसल्या कागदांतली आहेत.

माहुल हे चेंबूरच्या टोकाचं, खाडीकाठचं कोळ्यांचं जुनं गाव. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या, आणि त्यांना लागूनच ७२ इमारतींची पुनर्वसन वसाहत. तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडल्यावर २०१७ पासून विद्याविहार, घाटकोपर अशा भागांतली कुटुंबं इथं आणली गेली. इथल्या हवेचं प्रकरण त्याआधीच राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं होतं आणि डिसेंबर २०१५ मध्ये त्यावर निकालही आला होता. पुढे घरांचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. माहुलला राहण्याची सक्ती करू नका; दुसरीकडे घर देता येत नसेल तर महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्या, असा आदेश न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिला. या सगळ्या वाटेवर इंग्रजी पावलोपावली भेटतं. दवाखान्याचा केसपेपर इंग्रजीत, वकिलाने तयार केलेलं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत, आदेशाची प्रतही इंग्रजीत. घरी मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्या माणसाला आपल्याच आयुष्याबद्दलचा मजकूर असा वाचावा लागतो. म्हणून हा विषय मला निव्वळ व्याकरणाचा वाटत नाही.

‘कम्प्लेन’ हे क्रियापद घ्या. केसपेपरवर डॉक्टर ‘सी/ओ कफ’ असं खरडतात. पत्त्यात ‘सी/ओ’ म्हणजे अमुक यांच्या मार्फत. इथं मात्र ‘कम्प्लेन्स ऑफ’, म्हणजे रुग्ण खोकल्याची तक्रार सांगतो आहे. स्वतःच्या शरीराला जाणवणारा त्रास सांगताना ‘ऑफ’ येतो. रात्री खिडकीतून येणाऱ्या वासाची तक्रार असेल तर ‘अबाउट’. ती वॉर्ड ऑफिसकडे करायची तर ‘टू’. कंपनीविरुद्ध असेल तर ‘अगेन्स्ट’. एकच क्रियापद, पण पुढे काय येतं त्यावरून त्रास, विषय, दाद मागण्याची जागा आणि प्रतिपक्ष वेगवेगळे ओळखू येतात. मराठीही हेच करते: तक्रार खोकल्याची, वासाबद्दल, वॉर्ड ऑफिसकडे, कंपनीविरुद्ध.

‘अपील’ची चालही अशीच. वरच्या कोर्टाकडे अपील करायचं तर ‘अपील टू’, आदेशाविरुद्ध करायचं तर ‘अपील अगेन्स्ट’, आणि लोकांना मदतीचं आवाहन करायचं तर ‘अपील फॉर’. अमेरिकेत ‘अगेन्स्ट’ गाळून ‘अपील द डिसिजन’ असंच लिहितात. आपल्या कोर्टांनी ब्रिटिश वळण ठेवलं आहे. ‘अगेन्स्ट’ घेणारी क्रियापदं एकत्र मांडली तर प्रोटेस्ट, फाइट, व्होट, अपील, कम्प्लेन अशी विरोधाची सगळी भावंडं एका ओळीत येतात. ए. एस. हॉर्न्बी यांनी १९५४ मध्ये इंग्रजीतल्या अशा रचनांवर एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलं होतं. नंतर बर्मिंगहॅमच्या कोबिल्ड प्रकल्पात खऱ्या मजकुराचे प्रचंड साठे संगणकावर चाळून सुझन हन्स्टन आणि गिल फ्रान्सिस यांनी १९९६ मध्ये क्रियापदांच्या रचनांचा ग्रंथ काढला. एकच रचना घेणारे शब्द अर्थानेही गटागटाने राहतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

म्हणूनच ‘वर म्हणजे ऑन, शी म्हणजे विथ, ला म्हणजे टू’ ही शाळेतली यादी बंद व्हावी, असं मला ठामपणे वाटतं. ‘तो माझ्यावर रागावला’ यातल्या ‘वर’मध्ये कुणी कुणाच्या वर बसलेलं नाही. तो ‘वर’ रागावणं या क्रियापदाने मागून घेतलेला आहे. इंग्रजीत ‘अँग्री’ हा शब्द ‘विथ’ मागतो. आपण ‘तिच्याशी लग्न’ करतो, इंग्रजीत ‘मॅरीड टू’. आपण ‘कुत्र्याला घाबरतो’, इंग्रजीत ‘अफ्रेड ऑफ’. प्रत्येक शब्द आपला जोडीदार बरोबर घेऊन येतो आणि त्या जोडीनेच तो शिकावा लागतो.

पण चूक झाली की लगेच मातृभाषेला दोष देण्याची घाई करू नये. ‘डिस्कस’ला खरं तर ‘अबाउट’ लागत नाही, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ हे मराठी माणसाचं खास पाप समजलं जातं. सिंगापूर आणि नायजेरियातही लोक तेच बोलतात, आणि त्यांना मराठीचा वाराही लागलेला नाही. ‘टॉक अबाउट’ चालतं, ‘डिस्कशन अबाउट’ चालतं, मग ‘डिस्कस’ने काय घोडं मारलं, असा मनाचा साधा हिशोब त्यामागे आहे. असे प्रश्न अंदाजाने सोडवायचे नसतात, खरा मजकूर मोजून पाहायचा असतो. हे काम आपल्याकडे कोल्हापुरात झालं. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या पुढाकाराने १९७८ साली भारतात छापलेल्या इंग्रजीचे ५०० उतारे, सुमारे १० लाख शब्द, एकत्र केले गेले. १९६१ सालच्या अमेरिकी आणि ब्रिटिश मजकुराचे संग्रह ज्या मापाने बांधले होते, त्याच मापाने हाही बांधला. त्यामुळे आपलं इंग्रजी त्यांच्या शेजारी ठेवून पाहता आलं. जगभरचे अभ्यासक याला ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणून ओळखतात. कोल्हापूरच्या नावामागे आपण मराठी लोक ज्या गोष्टी अभिमानाने जोडतो, त्यांत हीही असायला हवी.

आता पुनर्वसनाच्या कागदांतली एक जोडी. ‘एलिजिबल’ मागतो ‘फॉर’ आणि ‘एन्टायटल्ड’ मागतो ‘टू’. आपल्याकडे सर्रास ‘एन्टायटल्ड फॉर’ लिहिलं जातं, कारण शेजारच्या ‘एलिजिबल फॉर’ची सवय हाताला असते. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, त्यामुळे कुणी अडवत नाही. पण या दोन शब्दांत वसाहतीतल्या प्रत्येकाला ठाऊक असलेला फरक आहे. पात्र-अपात्रतेची यादी लागते तेव्हा पात्र माणूस ‘एलिजिबल फॉर अ हाउस’ असतो. त्याचा विचार होऊ शकतो, एवढंच. ‘एन्टायटल्ड टू रेंट’ म्हणजे भाडं हा त्याचा हक्क झाला. अर्जात आपण कोणता शब्द लिहितो आहोत, हे दोनदा तपासावं.

सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो ‘पर्यंत’मुळे. ‘१५ तारखेपर्यंत अर्ज द्या’ आणि ‘१५ तारखेपर्यंत खिडकी उघडी राहील’, मराठीला दोन्हीकडे एकच शब्द पुरतो. इंग्रजीत पहिल्या वाक्यात ‘बाय’ लागतो, कारण काम एकदाच आणि त्या तारखेच्या आत व्हायचं आहे. दुसऱ्यात ‘टिल’, कारण खिडकी तोवर सलग उघडी आहे. ‘सबमिट टिल फिफ्टीन्थ’ हे आपलं नेहमीचं वाक्य म्हणूनच खटकतं. ‘पासून’चंही तसंच: ‘२०१७ पासून’ला ‘सिन्स’ आणि ‘कित्येक वर्षांपासून’ला ‘फॉर’.

आणि नोटिशीत ‘विदिन फिफ्टीन डेज’ दिसलं की पुढचे शब्द सोडू नयेत. तिथं ‘फ्रॉम द डेट ऑफ धिस नोटिस’ असेल तर दिवस नोटिशीवर छापलेल्या तारखेपासून धावू लागतात. ‘ऑफ रिसीट’ असेल तर कागद तुमच्या हाती पडल्यापासून. टपालात आठ दिवस गेले असतील, तर पहिल्या वाक्यात तुमच्याकडे सातच दिवस उरलेले असतात आणि दुसऱ्यात पूर्ण पंधरा. नोटीस घेताना त्या दिवशीची तारीख तिच्यावरच लिहावी, आणि पाकीट फेकू नये; त्यावर टपालाचा शिक्का असतो.