जँगोला टेम्प्लेट सापडत नाही?

जँगोत ‘टेम्प्लेट डझ नॉट एक्झिस्ट’ ही एरर आली की लगेच व्ह्यूचा कोड बदलायला घेऊ नका. डीबग चालू असेल तर त्याच पानावर ‘टेम्प्लेट लोडर पोस्टमॉर्टेम’ असतं. जँगोने फाइल कुठेकुठे शोधली, ते सगळे पाथ तिथे ओळीने दिसतात. फार सुंदर सोय आहे ही!

तुमच्या अ‍ॅपचा फोल्डर त्या यादीतच नसेल, तर बहुधा अ‍ॅप ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’मध्ये टाकायचं राहिलंय, किंवा फोल्डरला ‘टेम्प्लेट्स’ऐवजी एकवचनी ‘टेम्प्लेट’ नाव दिलंय. पाथ बरोबर असेल तर फाइलच्या नावातलं कॅपिटल अक्षर तपासा. विंडोजवर ते खपून जातं, लिनक्स सर्व्हरवर नाही. प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमधला ‘टेम्प्लेट्स’ मात्र सेटिंग्जमधल्या ‘डर्स’मध्ये स्वतः लिहावा लागतो.

तरी अडलात तर पाथची ती यादी पाठवा, मिळून शोधू.