ज्योतीवर चालणारा फ्रिज

मोटरहोममधला फ्रिज बऱ्याचदा गॅसच्या ज्योतीवर चालतो. आगीने गारवा कसा? त्यात कॉम्प्रेसर नसतोच. पोलादी नळीत अमोनियामिश्रित पाणी तापते, अमोनियाची वाफ वेगळी होते, निवून पातळ होते आणि हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा उडून जाताना फ्रिजमधली उष्णता ओढून घेते. फार सुंदर युक्ती! पण तापत-निवत राहणाऱ्या त्या नळीला, वाकवून वाकवून तार तुटावी तशी, चीर पडू शकते. दाबाखालचा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो आणि ज्योत शेजारीच असते. म्हणून २००६ मध्ये अमेरिकेत डोमेटिक या फ्रिज बनवणाऱ्या कंपनीने १९९७ ते २००३ दरम्यानच्या काही मॉडेलांचे नऊ लाखांहून अधिक फ्रिज दुरुस्तीसाठी रिकॉल केले. जुनी मोटरहोम घेताना गाडीच्या क्रमांकाबरोबर फ्रिजवरचा अनुक्रमांकही तपासायलाच हवा.