जेऊरचे ग्रहण आणि सूर्याचे दप्तर

अक्कलकोटात जेऊर म्हटले की आपल्या तालुक्यातले जेऊर डोळ्यांपुढे येते. सौरभौतिकीच्या इतिहासात ज्याचे नाव कायमचे नोंदले गेले आहे ते जेऊर निराळे. तेही सोलापूर जिल्ह्यातलेच, परंतु करमाळा तालुक्यातले, पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे. अक्कलकोट रोडला गाडीत बसलेला प्रवासी सोलापूर आणि कुर्डुवाडी मागे टाकून त्या स्थानकावरून पुढे जातो. पण शके १८१९च्या पौष अमावास्येस, म्हणजे २२ जानेवारी १८९८ रोजी, भर दुपारी तेथे सूर्य खग्रास झाला असता अमेरिकेहून आणि पुण्याहून आलेल्या ज्योतिर्विदांनी जी छायाचित्रे घेतली, त्यांतील काहींचा अर्थ लागण्यास पुढे तेहतीस वर्षे जावी लागली, ही वार्ता त्याच्या कानी आलेली नसते.

सूर्यग्रहण आणि विज्ञान यांचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे विजयदुर्गाचे नाव निघते. त्या किल्ल्यातील ‘साहेबाचे ओटे’ दाखवून असे सांगतात, की १८ ऑगस्ट १८६८ रोजी इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉकयर यांनी याच ओट्यांवर दुर्बीण लावून हेलियमचा शोध लावला. ही कथा इतक्या वेळा छापली गेली आहे की तिचे निराकरण करणे मला कर्तव्यच वाटते. १८६८चे ग्रहण श्रावणातले, पोळ्याच्या अमावास्येचे, म्हणजे ऐन पावसाळ्यातले होते. खग्रास पट्टा पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरून पटवर्धनांचे जमखंडी, विजापूर, गुंटूर आणि मच्छलीपट्टण या गावांवरून गेला. जमखंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल, विजापुरास कॅप्टन हेग आणि गुंटूरला मेजर टेनंट व फ्रेंच ज्योतिर्विद झान्सेन असे निरीक्षक बसले होते. हर्शेल यांना ढगांनी फार छळले. तरीही ढगांच्या फटीतून सूर्याच्या कडेवरील ज्वालेवर वर्णपटदर्शक रोखून त्यांनी तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन तेजस्वी रेषा पाहिल्या, आणि या ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे त्या दिवशी निश्चित झाले. लॉकयर त्या वेळी इंग्लंडात होते. ग्रहणावाचूनही या ज्वालांचा वर्णपट पाहता येतो हे झान्सेन यांनी गुंटूरला दुसऱ्याच दिवशी दाखवले आणि लॉकयर यांनी २० ऑक्टोबरला स्वतंत्रपणे सिद्ध केले. त्या वर्णपटातील सोडियमच्या रेषांजवळची पिवळी रेषा पृथ्वीवरील कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याची नाही, या विचारातून पुढे हेलियम हे नाव आले. आणि ते द्रव्य रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांच्या हाती पृथ्वीवरच्या एका खनिजातून लागेपर्यंत १८९५ साल उजाडले.

लॉकयर विजयदुर्गास आले ते १८९८च्या जानेवारीत, ‘मेल्पोमेनी’ या आरमारी नौकेवरील खलाशांना मदतीस घेऊन. तेव्हा ओट्यांची कथा खोटी नसून तिला जोडलेले साल खोटे आहे. माझे मत असे, की खरे साल अधिक मोलाचे आहे. कारण १८९८मध्ये महाराष्ट्राच्या भूमीवर विजयदुर्गापासून वऱ्हाडापर्यंत निरीक्षकांची एक रांगच उभी होती, आणि आकाश हिवाळ्यातले, निरभ्र होते. वऱ्हाडात तळणी येथे ब्रिटिश ज्योतिष संघटनेच्या तुकडीत एडवर्ड व ॲनी माँडर हे दांपत्य होते. ॲनीबाईंनी आपल्या लहानशा कॅमेऱ्याने किरीटाचा, म्हणजे खग्रास सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाचा, जो लांबच लांब झोत टिपला, तेवढा लांब झोत त्यापूर्वी कोणाच्या छायाचित्राच्या काचेवर उमटला नव्हता. त्याच तुकडीतील जॉन एव्हर्शेड पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेत आले आणि १९०९मध्ये सौरडागांतील वायू डागाच्या मध्यापासून बाहेर वाहतो हे त्यांनी दाखवले.

आमच्या अक्कलकोट संस्थानचा मुलूख या खग्रास पट्ट्याच्या आग्नेयेस राहिला आणि येथे ग्रहण खंडग्रासच दिसले. ‘ओरायन’ लिहून वेदकाल ज्योतिषाच्या आधारे ठरवू पाहणारे लोकमान्य टिळक त्या दिवशी राजद्रोहाची शिक्षा भोगत कारावासात होते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास दोन वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झाला होता. ग्रहण केव्हा लागेल आणि केव्हा सुटेल हे सांगण्यात आपले पंचांगकर्ते निष्णात होते. ग्रासलेल्या सूर्याभोवती जे तेज दिसते ते कशाचे, हा प्रश्न विचारणारे मात्र थोडे. त्या थोड्यांत अग्रगण्य म्हणजे पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. भावनगरच्या महाराज तख्तसिंहजींची देणगी आणि मुंबई सरकारची मंजुरी मिळवून त्यांनी १८८८मध्ये पुण्यात वेधशाळा उभारली. तिची वीस इंच व्यासाची परावर्तक दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. जेऊरला ते आपली तुकडी घेऊन गेले आणि त्या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल त्यांनी सिद्ध केला.

जेऊरलाच अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल पत्नी एलिझाबेथसह तळ ठोकून होते. त्यांच्या सरंजामातील मुख्य यंत्र म्हणजे चाळीस फूट नाभीय अंतराचा कॅमेरा. पाच इंची भिंग उंच आधारावर सूर्याच्या रोखाने बसवलेले. छायाचित्राची काच खाली, चाळीस फुटांवर, एका सरकत्या पाटीवर. आणि सूर्य आकाशात जसजसा सरके तसतशी ती पाटी घड्याळी यंत्राने त्याच वेगाने सरके. एवढ्या अंतरामुळे सूर्याचे प्रतिबिंब साडेचार इंच व्यासाचे पडे आणि किरीटाचे तंतू त्यावर सुटे सुटे दिसत. दुसरे यंत्र याहून सूक्ष्म कामाचे होते. चंद्राने सूर्यबिंब पूर्ण झाकताच, आणि ते पुन्हा उघडण्याच्या बेतात असता, कडेवरचा वर्णमंडलाचा पातळ थर काही क्षणच एकटा प्रकाशतो व त्याच्या वर्णपटात शेकडो उजळ रेषा चमकून जातात. चंद्राची कडा एकेक थर झाकत जाते त्या क्रमाने रेषा विझत जातात, म्हणून कॅम्पबेल यांनी वर्णपटाची काच स्थिर न ठेवता सरकती ठेवली. त्यामुळे कोणती रेषा किती उंचीपर्यंत टिकते याचा अखंड लेखच काचेवर उतरला. खग्रास स्थिती सारी मिळून सुमारे दोन मिनिटांची.

या काचा पुढे कॅलिफोर्नियात दप्तरी जमा झाल्या. १९२०मध्ये मेघनाद साहा यांनी तापमान आणि दाब यांवरून अणूंचे आयनीभवन किती होते याचे समीकरण मांडले, ते सूर्याच्या वर्णमंडलाचाच विचार करताना. आणि त्यानंतर पुंजसिद्धान्ताची नवी साधने हाती आल्यावर अमेरिकी ज्योतिर्विद डोनाल्ड मेन्झेल यांनी १८९८, १९००, १९०५ आणि १९०८ या चार ग्रहणांतील कॅम्पबेल यांच्या काचा बाहेर काढून त्यांवर १९३१मध्ये आपला मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. वर्णमंडलाची घनता उंचीनुसार कशी घटते याचा हिशेब त्यात होता, आणि सूर्याच्या वातावरणात हायड्रोजनच प्रबळ आहे या, तोवर अनेकांना न पटलेल्या, निष्कर्षाला त्यामुळे बळकटी आली. काच घेणाऱ्याला जे ठाऊक नव्हते ते तिच्यात आधीच नोंदलेले होते. निरीक्षणाचे मोल त्या दिवशीच्या सिद्धान्तावरून ठरवू नये, याचे याहून सबळ प्रमाण मला माहीत नाही.

किरीटातील हिरव्या रेषेची हकीकतही अशीच दीर्घ आहे. १८६९मध्ये अमेरिकेत ती प्रथम दिसली. ती वर्णमंडलातील लोखंडाच्या एका रेषेशी एकरूप आहे असे तीस वर्षे मानले जाई. तिचे स्थान ५३१.७ नव्हे, ५३०.३ नॅनोमीटर आहे हे १८९८च्या ग्रहणातील छायाचित्रांवरून ठरले. किरीटाचे परिवलन मोजण्याच्या प्रयत्नात कॅम्पबेल यांनी जेऊरला जे वर्णपट घेतले होते, त्यांवरूनच त्यांनी १८९९मध्ये तिची तरंगलांबी प्रसिद्ध केली. आता रेषा कोणत्याच ज्ञात द्रव्याशी जुळेना; ती ‘कोरोनियम’ नावाच्या कल्पित द्रव्याची मानली जाई. अखेर ग्रोट्रियान आणि एडलेन यांनी १९४०च्या सुमारास उलगडा केला: ती रेषा लोखंडाचीच, मात्र तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. अणूची अशी अवस्था होण्यास दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागते, आणि सूर्याचा पृष्ठभाग तर साडेपाच हजार अंशांचा. पृष्ठभागाहून त्यावरचे विरळ वातावरण शेकडोपट तप्त कसे, हा प्रश्न या एका रेषेने शास्त्रापुढे टाकला.

हे झाले शास्त्रज्ञांचे कुतूहल. सरकारला सूर्याची चिंता लागण्याचे कारण मात्र आपल्या जिल्ह्याला परिचयाचे होते. १८७६–७८च्या दुष्काळाने सोलापूरचा मुलूख होरपळून निघाला, आणि १८७७मध्येच सरकारी अधिकारी हंटर आणि लॉकयर यांनी सौरडागांच्या अकरा वर्षांच्या चक्राचा दुष्काळाशी संबंध जोडणारा लेख लिहिला. सूर्यावरून पाऊस सांगता येईल या आशेने डेहराडूनला सूर्याची रोज छायाचित्रे घेण्याची तजवीज झाली, आणि पुढे कोडाईकनालची वेधशाळा उभी राहिली. हवामानशास्त्रज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनी आकडे तपासले तेव्हा हा संबंध फारच दुर्बळ निघाला. आशा फसली, पण तिच्यापोटी सुरू झालेली रोजची नोंद चालू राहिली, हे सुदैव. कोडाईकनालची १९०४पासूनची सूर्यचित्रे आज संगणकावर उतरवलेली आहेत, आणि सौरचक्राची गणिती प्रतिमाने पडताळून पाहताना अशाच दीर्घ नोंदी कामी येतात. २००६मध्ये मौसमी दीक्पती व सहकाऱ्यांनी चोविसावे चक्र प्रबळ राहील असे वर्तवले, तर अर्णब राय चौधुरी व सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी ते दुर्बळ राहील असे सांगितले. ते दुर्बळ झाले. दोन्ही प्रतिमानांचे मूलतत्त्व पुष्कळसे समान होते, हे लक्षात घेतले म्हणजे सूर्याच्या अंतरंगाविषयी केलेले एखादे गृहीतक निकाल किती फिरवते ते कळते.

पुण्याची वेधशाळा मात्र नायगमवाला १९१२मध्ये निवृत्त होताच मोडली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर संस्था संपावी ही आपल्या इलाख्याची मोठी हानी होती, आणि तिची खंत मला आजही वाटते. १९८८मध्ये जयंत नारळीकरांनी पुण्यात आयुका या खगोलसंशोधन संस्थेची स्थापना केल्यावर हा तुटलेला धागा पुन्हा हाती आला. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघून ६ जानेवारी २०२४ रोजी, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवरील एल-१ या बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिर झालेल्या ‘आदित्य’ या सूर्यनिरीक्षक यानावर आयुकाच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेली ‘सूट’ ही दुर्बीण आहे. ए. एन. रामप्रकाश आणि दुर्गेश त्रिपाठी यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेली ही दुर्बीण दोनशे ते चारशे नॅनोमीटरच्या जंबुपार प्रकाशात, अकरा गाळण्यांमधून, प्रकाशमंडल, म्हणजे सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग, व वर्णमंडल पाहते. या प्रकाशाचा बराच भाग वातावरण अडवत असल्याने जमिनीवरून हे काम होणे नाही.

त्याच यानावर बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा किरीटलेखी आहे. चंद्राची वाट न पाहता यंत्रातच सूर्यबिंबाचा प्रकाश वगळून तो किरीट पाहतो, आणि त्याने निवडलेल्या रेषांत ५३०.३ नॅनोमीटरची हिरवी रेषा आहे. कॅम्पबेल यांनी जेऊरला जो प्रयत्न केला तो किरीटाची गती मोजण्याचा होता. तीच रेषा, तेच गतिमापन, परंतु दोन मिनिटांची मर्यादा उरलेली नाही. चुंबकक्षेत्रातील तरंग वर जाऊन किरीटात विरतात आणि त्याला तापवतात, असे एक मत, त्याचे मूळ १९४२मधील आल्फव्हेन यांच्या संशोधनात. असंख्य सूक्ष्म स्फोट ते काम करतात, असे १९८८मधील यूजीन पार्कर यांचे दुसरे. दोहोंपैकी कोणाचा वाटा किती, हे ठरवण्यासाठी त्या रेषेची रुंदी आणि तिचे क्षणोक्षणीचे हेलकावे आता मोजले जात आहेत.