55 ला काहीच होत नाही, म्हणजे काय होतं?

दिवाळीच्या आधीच्या रविवारी नागपुरात व्हरायटी चौकातून सीताबर्डीच्या मेन रोडवर शिरलेला माणूस दोन-अडीच तास तरी बाहेर पडत नाही. सकाळी इन्शुलिन किंवा गोळी घेतलेली, नाश्ता अर्धवट टाकलेला, आणि ‘एवढं एक दुकान बघू, मग जेवू’ असं म्हणत चालणं चालूच. चालताना स्नायू साखर ओढतात, इन्शुलिन आपलं काम करत राहतं आणि पोटातून नवीन साखर काही येत नाही. शुगर 70 च्या खाली जायला एवढं पुरतं. हायपो म्हणतात तो हाच.

मधुमेह नसलेल्या माणसात शुगर 80 च्या आसपास उतरली की स्वादुपिंड इन्शुलिन सोडणं आवरतं. 65 ते 70 च्या दरम्यान ग्लुकॅगॉन आणि अ‍ॅड्रिनलिन ही दोन संप्रेरकं रक्तात येतात आणि यकृतातला साठा मोकळा करतात. दरदरून घाम, छातीत धडधड, हाताला कापरं ही बरीचशी या अ‍ॅड्रिनलिनच्या गडबडीची लक्षणं. साधारण 55 च्या घरात ती माणसाला जाणवतात. 50 च्या खाली मेंदूलाच साखर अपुरी पडते. मग सुटे पैसे मोजता येत नाहीत, जीभ अडखळते, माणूस विनाकारण भांडतो आणि दुकानदाराला वाटतं, भाऊ दुपारीच घेऊन आलेत. शरीराची रचना अशी की मेंदू गडबडण्याआधी घाम फुटावा आणि आपण काहीतरी खावं.

मधुमेहात ही साखळी दोन ठिकाणी तुटते. सुईने टोचलेलं इन्शुलिन मधेच थांबवता येत नाही. शिवाय टाइप 1 मधुमेहात काही वर्षांतच शुगर उतरली तरी ग्लुकॅगॉन धावून येईनासं होतं. मग मदार उरते ती एकट्या अ‍ॅड्रिनलिनवर.

उपचार साधा आहे, पण घाईत तोच चुकतो. 15 ग्रॅम लगेच रक्तात उतरणारी साखर घ्यायची, 15 मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. ग्लुकोज पावडर किंवा साखर, चहाचे तीन चमचे, अर्ध्या ग्लास पाण्यात ढवळून प्यायची. बर्डीत रसवंती दिसली तर उसाचा छोटा ग्लासही चालतो, संत्र्याचा गाळलेला रस अर्धा-पाऊण ग्लास चालतो. मात्र नागपूरकराचा हात आधी संत्रा बर्फीकडे जातो, ते नको. खव्यातली स्निग्धता पोट रिकामं व्हायला वेळ लावते आणि आपल्याला मिनिटांची घाई असते. चॉकलेटचं तेच. रस पिऊन झाला की दुकानाच्या पायरीवर बसावं, चालत राहू नये. ती 15 मिनिटं सर्वांत अवघड, कारण भूक अशी खवळते की माणूस समोर येईल ते खातो आणि संध्याकाळी शुगर 300 वर जाते. 15 मिनिटांनीही 70 च्या खालीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा घ्यावी. आकडा वर आला आणि जेवायला तासाभराहून जास्त वेळ असेल तर दूध-बिस्किटं किंवा एखादी पोळी खावी.

एक मेख फार थोड्यांना ठाऊक असते. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज असेल तर घरातली साखर, उसाचा रस वेळेवर उपयोगी पडत नाही. साखर फोडून तिचं ग्लुकोज करणारं आतड्यातलं विकरच ही औषधं अडवतात. अशांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी. आपल्याकडे ही औषधं ग्लिमेपिराइडबरोबर एकाच गोळीत मिळतात, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं एकदा वाचाच. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांचा हायपो सावरल्यावर काही तासांनी पुन्हा येऊ शकतो, वयस्कर आणि किडनी कमजोर असलेल्यांना तर हमखास भीती. त्यांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून झोपून जाऊ नये, डॉक्टरांना कळवावं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवावं, 108 ला फोन करावा, घरात ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन असेल तर द्यावं.

आता मुख्य गोष्ट. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या बाकांवर एक वाक्य जरा अभिमानाने बोललं जातं, ‘आपल्याला 55 ला काहीच होत नाही.’ ही अंगातली ताकद नव्हे, बिघाड आहे. एक हायपो झाला की त्यानंतर दिवसभर तरी शरीराचा इशारा मंद होतो. हायपो वारंवार झाले की इशारा सुरू होण्याचा आकडा 55 वरून 50, मग 45 असा खाली सरकतो. रुळाशेजारी राहणाऱ्याला गाडीच्या आवाजाने जाग येईनाशी होते, तसं. शेवटी घाम फुटायच्या आधीच मेंदू गडबडतो. अमेरिकेतले डॉ. फिलिप क्रायर यांनी हे चक्र मांडून दाखवलं: हायपोच पुढच्या हायपोची वाट मोकळी करतो. टाइप 1 असलेल्या प्रौढांपैकी जवळपास चौथाई लोकांची ही जाणीव बोथट झालेली असते आणि त्यांना बेशुद्धीपर्यंत जाणाऱ्या हायपोचा धोका साधारण सहापट असतो. रक्तदाब-हृदयासाठीच्या बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांना धडधड आणि कापरं कमी जाणवतं, घाम मात्र येतो.

ही जाणीव बऱ्याच अंशी परत येते. 1993 मध्ये इटलीतल्या पेरुजियाच्या आणि 1994 मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं की काही आठवडे हायपो कसोशीने टाळले तर लक्षणं पुन्हा जाणवू लागतात, बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांनाही. म्हणजे 70 च्या खालचा प्रत्येक आकडा टाळायचा, 62 सारखा निरुपद्रवी वाटणाराही. त्यासाठी डॉक्टर डोस कमी करून शुगरचं लक्ष्य काही काळ थोडं वर ठेवतात. तेवढे दिवस आकडे जरा जास्त दिसले तर घाबरून स्वतःच डोस वाढवू नये. सगळी मेहनत इथेच वाया जाते. जेवणाआधी, झोपताना आणि अधूनमधून रात्री तीनला तपासावं. अंगावर लावायचा शुगरचा सेन्सर परवडत असेल तर त्याचा गजर 80 ला लावावा. गाडीला किल्ली लावण्याआधी शुगर 90 च्या वर हवी. स्वतःच्या बारीक खुणाही शोधाव्यात: ओठांभोवती झिणझिण्या, एकच ओळ तीनदा वाचणं, उगाच चिडणं. बहुतेकदा त्या बायकोला किंवा मुलाला आधी दिसतात, त्यांनी ‘तपासून घ्या’ म्हटलं की वाद घालू नये.

हायपो का होतात हेही शोधावं लागतं. आपल्याकडचं एक कारण निव्वळ सिरिंजचं आहे. 40 युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, 100 युनिटच्या इन्शुलिनला केशरी टोपणाची. 100 चं इन्शुलिन लाल सिरिंजने घेतलं तर डोस थेट अडीचपट जातो. एकाच जागी टोचून झालेल्या गाठीतून इन्शुलिन कधी कमी, कधी एकदम जास्त उतरतं. श्रावण-नवरात्रातले उपास नेहमीच्या डोसवर करणं, रिकाम्या पोटी दारू, आणि नागपूरच्या मे महिन्यातला उकाडा, ज्यात त्वचेतलं रक्ताभिसरण वाढून इन्शुलिन लवकर शोषलं जातं, हेही आहेच. हे सगळं शोधायला वारंवार तपासावं लागतं आणि तपासायच्या पट्ट्यांचा खर्च ही खरी अडचण आहे. डॉ. शरद पेंडसे यांनी 1995 मध्ये नागपुरात सुरू केलेला ड्रीम ट्रस्ट गरीब घरांतल्या टाइप 1 मुलांना इन्शुलिन पुरवतो, तोही पैशाच्या अशाच अडचणीतून.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा उपाशीपोटीचा आणि जेवणानंतरचा आकडा सांगून उठू नका. महिनाभरात 70 च्या खाली कितीदा गेलात आणि त्यातले किती वेळा तुम्हाला कळलं, हे लिहून न्या.