धंद्याचा पत्ता कोणाच्या मालकीचा?

शाळा सोडून गेलेले विद्यार्थी अधूनमधून आमच्या भेटीस येतात. त्यांच्या तोंडून नोकरीच्या गोष्टींबरोबर हल्ली स्वतंत्र धंद्याच्या गोष्टीही ऐकावयास मिळतात, ही समाधानाची बाब होय. असाच एक विद्यार्थी मध्यंतरी आम्हांस भेटला. त्याने व त्याच्या मातोश्रींनी मिळून कोकमाचे आगळ व आमसुले विकण्याचा लहानसा उद्योग आरंभिला होता. माल उत्तम, वागणूक चोख. परंतु एका व्यापाऱ्याने मोठ्या मागणीचे पत्र ई-मेलने धाडले, ते तीन आठवडे कोणी उघडलेच नाही. विचारता कळले ते असे की, तो ई-मेलचा पत्ता एका ओळखीच्या गृहस्थाने स्वतःच्या नावे काढून दिला होता. पासवर्ड त्याच्याजवळ, आणि तो परगावी गेलेला. पत्ता प्रत्येक बाटलीवर छापला होता, पण तो धंद्याचा नव्हताच! व्यापारी अर्थातच दुसरीकडे वळला.

ही चूक कोणाच्याही हातून होण्याजोगी आहे. म्हणून नवा धंदा काढणाराने ई-मेलची व्यवस्था कशी लावावी, याचा येथे थोडक्यात विचार करू.

प्रथम पत्त्याची रचना पाहू. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र धाडण्याची युक्ती काढली व मनुष्याचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’ हे चिन्ह योजिले. या चिन्हाच्या डावीकडे व्यक्ती अथवा खाते आणि उजवीकडे घराचे नाव, ही पद्धत आजतागायत चालू आहे. उजवीकडील नावास डोमेन म्हणतात. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी या नावांची जगद्व्यापी नोंदवही कशी असावी, याची योजना मांडली. कोणत्या डोमेनचे टपाल कोणत्या यंत्राकडे पोहोचवावे, हेही त्या नोंदवहीतच लिहिलेले असते. त्या नोंदीस एमएक्स असे म्हणतात.

येथेच सर्व मर्म आहे. नाव एकाकडे नोंदविता येते आणि टपाल दुसऱ्याकडे ठेविता येते. टपाल सांभाळणारी कंपनी उद्या बदलली, तर नोंदवहीतील ती एक नोंद बदलावयाची. बाटलीवर छापलेला पत्ता जसाच्या तसा राहतो. दुकानाची पाटी आपली असली म्हणजे जागा बदलली तरी गिऱ्हाईक शोधत येते, तसेच हे आहे.

आता मार्ग कोणते ते पाहू. पहिला, एखाद्या मोठ्या कंपनीचे फुकट खाते घेणे. यास खर्च नाही; परंतु उजवीकडील नाव कंपनीचे. कंपनी सोडली की पत्ताही सुटला. दुसरा, स्वतःचे डोमेन घेऊन संकेतस्थळाच्या जागेबरोबर मिळणारी टपालपेटी वापरणे. हा मार्ग स्वस्त असतो. मात्र एकाच यंत्रावर अनेकांची खाती असल्याने शेजाऱ्याच्या उपद्व्यापाने आपलीही पत्रे संशयित ठरण्याचा संभव असतो. तिसरा, स्वतःचे डोमेन ठेवून टपाल मात्र गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा चेन्नईची झोहो अशा कंपनीकडे सोपविणे. यास बहुधा दर माणशी वर्गणी पडते. स्वतःच टपालाचे यंत्र चालविणे हा चौथा मार्ग. पण तो जाणत्यांचा, नवशिक्यांचा नव्हे.

आमच्या मते, होतकरू धंद्यास तिसरा मार्ग सर्वांत हितकर. आरंभी एकच खाते घ्यावे. विक्री, हिशेब अशी टोपणनावे त्याच खात्यास जोडता येतात.

‘फुकट मिळते ते का सोडावे?’ असे कोणी विचारील. गूगलने २००६ साली स्वतःच्या डोमेनचे टपाल फुकट सांभाळण्याची सोय काढली. २०१२ च्या डिसेंबरात ती नव्या ग्राहकांस बंद झाली. आणि २०२२ साली जुन्या धंदेवाल्यांसही पैसे भरण्यास सांगण्यात आले. तथापि ज्यांचे डोमेन स्वतःच्या नावे होते, त्यांस पैसे भरणे किंवा बिऱ्हाड हलविणे असे दोन्ही मार्ग मोकळे होते. मालकीचा उपयोग तो हाच.

मालकी म्हटली तरी ती मुदतीची असते, हे विसरू नये. डोमेनची नोंदणी एक ते दहा वर्षांची होते. मुदत चुकवून नाव हातचे घालविले, तर ते दुसरा कोणीही घेऊ शकतो. नोंदणी दुकान लावून देणाऱ्या कारागिराच्या नव्हे, मालकाच्याच नावे असावी. ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळते. परंतु देवनागरी पत्ते सर्वत्र स्वीकारले जात नाहीत, यास्तव टपालासाठी रोमन अक्षरांतील नावही घ्यावे.

आणखी एक काम राहते. आपल्या नावाने दुसऱ्याने खोटी पत्रे धाडू नयेत, म्हणून नोंदवहीत एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क अशा तीन नोंदी कराव्या लागतात. पहिली आपल्या वतीने पत्रे कोणी धाडावीत ते सांगते; दुसरीमुळे पत्रावरील मोहोर पडताळता येते; तिसरी खोट्या पत्राचे काय करावे ते सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी या बाबतीत नियम कडक केले आहेत. या नोंदी नसल्यास आपले खरे पत्रही नको असलेल्या टपालात पडण्याची भीती असते.

विद्यार्थिमित्रांनो, ही कामे घरची वडील मंडळी बहुधा तुम्हांसच सांगतील. ती आनंदाने करा. परंतु काम झाल्यावर डोमेन कोठे नोंदविले, मुदत केव्हा संपते, खाते परत मिळविण्यासाठी कोणाचा मोबाइल क्रमांक दिला आहे, हे सर्व वहीत लिहून ती वही त्यांच्या स्वाधीन करा. पासवर्डही त्यांच्याच हाताने घालवा. आमच्या त्या विद्यार्थ्याने आता स्वतःचे नाव नोंदविले आहे, आणि नव्या बाटल्यांवर तेच छापले आहे. त्याची वही मातोश्रींच्या कपाटात असते.